गिरगाव ते परळ : एका तरुण धर्मसेवकाचे शहरात रुजणे



ज्या शाळेच्या बाकावर बसून मी ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका केल्या, त्याच शाळेने मला आज व्याख्यानासाठी उभे करावे, हा माझा गौरव आहे आणि थोडी परीक्षाही आहे. ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्यासमोर तोंड उघडण्यापूर्वी आम्ही विद्यार्थी दोनदा विचार करीत असू. ते आज समोर नाहीत. तरीही ती सवय गेलेली नाही. म्हणून विषय निवडताना मी असा विषय घेतला आहे, की जो गुरुजींना आवडला असता आणि ज्यात मला माझी एक जुनी बाकी फेडता येईल. ती बाकी कोणती, ते ओघात सांगेन.

विषय आहे महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांच्या आयुष्यातील एका लहानशा कालखंडाचा. १९०३ च्या ऑक्टोबरात ते विलायतेहून मुंबईस उतरले आणि १९०६ च्या ऑक्टोबरात त्यांनी परळ येथे एक शाळा उघडली. मधली तीन वर्षे. त्या वेळी ते महर्षी नव्हते. तीस वर्षांचे, धर्मकार्याला वाहून घेतलेले, एका परक्या महानगरात नव्याने आलेले ते एक तरुण प्रचारक होते. आपली मुले आज पुण्याला, बेंगळुरूला, त्याहून दूरच्या शहरांना जातात. जागा मिळाली, खाणावळ लागली, कामाचा रस्ता पाठ झाला, की ‘आता रुळलो’ असे घरी कळवतात. शहरात रुळणे आणि शहरात रुजणे यांत अंतर आहे. शिंदे यांना ते अंतर ओलांडण्यास तीन वर्षे लागली. ते त्यांनी कसे ओलांडले, हे पाहावयाचे आहे.

जमखंडी आणि पुणे

शिंदे हे आपल्या मुलखातले. २३ एप्रिल १८७३ रोजी जमखंडी येथे त्यांचा जन्म झाला. जमखंडी हे त्या काळी पटवर्धनांचे संस्थान; आज ते गाव कर्नाटकाच्या बागलकोट जिल्ह्यात आहे. घरात मराठी, बाजारात कानडी, अशा वातावरणात ते वाढले. सीमेच्या या बाजूस राहणाऱ्या आपल्याला त्याचे नवल वाटणार नाही. पुढे त्यांनी मराठी व कानडी या भाषांच्या परस्परसंबंधांविषयी जिव्हाळ्याने लिहिले, त्याचे मूळ या बालपणात आहे. वडील रामजीबाबा वारकरी वृत्तीचे होते. भक्ती ही या मुलाला प्रथम ग्रंथांतून कळली नाही. ती घरातच होती.

१८९१ साली ते मॅट्रिक झाले आणि १८९३ साली पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात दाखल झाले. पैशाची ओढाताण कायमची होती. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी त्यांना दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती दिली, म्हणून शिक्षण पुढे चालले. पुण्यात मिल, स्पेन्सर यांचे ग्रंथ वाचून त्यांची परंपरागत श्रद्धा डळमळली. तरुण वयात श्रद्धा डळमळणे ही गोष्ट त्या पिढीला नवी नव्हती. मात्र डळमळलेल्या श्रद्धेच्या जागी काय ठेवावयाचे, हा प्रश्न पुष्कळांनी तसाच सोडून दिला. शिंदे यांना तो सोडवेना. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांच्यासारख्यांनी ज्या प्रार्थना समाजाला वजन प्राप्त करून दिले होते, त्या समाजात त्यांना उत्तर सापडले. १८९८ साली ते बी. ए. झाले आणि त्याच वर्षी समाजाचे सभासद झाले.

पुण्याच्या या वर्षांतील आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. भगिनी जनाक्का यांचे सासर सुखाचे ठरले नाही. शिंदे यांनी त्यांना पुण्यास आणून हुजूरपागेच्या शाळेत घातले. स्वतःचे शिक्षण शिष्यवृत्तीवर चाललेले असताना बहिणीच्या शिक्षणाचा भार त्यांनी उचलला. पुढे परळला या घटनेचे मोल कळणार आहे.

ऑक्सफर्ड

१८९५-९६ साली रेव्हरंड संडरलँड हे युनिटेरियन धर्मोपदेशक हिंदुस्थानात येऊन गेले. त्यांच्या या भेटीनंतर, ब्राह्म व प्रार्थना समाजातील तरुणांनी ऑक्सफर्डच्या मँचेस्टर महाविद्यालयात येऊन धर्माचे शिक्षण घ्यावे, अशी सोय झाली. १९०१ साली ही संधी शिंदे यांना मिळाली. सयाजीरावांची शिष्यवृत्ती घेतल्यामुळे बडोदे संस्थानात नोकरी करावी, अशी अपेक्षा त्यांच्याकडून होती. सरळ, सुरक्षित आयुष्याची ती वाट होती. आपणास धर्मकार्य करावयाचे आहे, असे शिंदे यांनी सांगितले आणि महाराजांनी ती अपेक्षा आड येऊ दिली नाही. देणाऱ्याने असे मोकळे करणे हेही एक दानच आहे. त्याची नोंद इतिहासात क्वचितच होते, म्हणून ती येथे करून ठेवतो.

मँचेस्टर महाविद्यालयाचे वैशिष्ट्य असे, की तेथे प्रवेश घेणाऱ्यास कोणत्याही विशिष्ट पंथमताची शपथ घ्यावी लागत नसे. प्राचार्य जेम्स ड्रमंड, तुलनात्मक धर्मशास्त्र शिकविणारे एस्टलिन कार्पेंटर अशी व्यासंगी मंडळी तेथे होती. कार्पेंटर पालीचेही जाणकार होते. दीघनिकायाच्या संपादनात त्यांचा वाटा आहे. वारकरी घरातील एक तरुण बौद्ध धर्माचा अभ्यास करण्यास ऑक्सफर्डला बसतो, हे दृश्य मनाशी आणून पाहावे.

परंतु पुस्तकांपेक्षा एक वेगळी गोष्ट या वास्तव्यात त्यांच्या वाट्यास आली. इंग्लंडमधील युनिटेरियन पंथाने १८३० नंतरच्या काळात लंडन, मँचेस्टर, लिव्हरपूल अशा शहरांतून गरिबांसाठी ‘डोमेस्टिक मिशन’ नावाची कामे उभारली होती. प्रार्थनामंदिरात जे येत नाहीत, त्यांच्या घरी आपण जावे, आजारपण, बेकारी, मुलांचे शिक्षण यांत त्यांच्या उपयोगी पडावे, असा तो प्रघात. शिंदे ज्या वातावरणात शिकत होते, त्यात ही परंपरा मुरलेली होती. वैभवाच्या शिखरावरील इंग्लंडच्या पोटात केवढे दारिद्र्य आहे, हेही त्यांना तेथे पाहावयास मिळाले. तेथील अनुभव ते पत्ररूपाने प्रार्थना समाजाच्या ‘सुबोध पत्रिके’त लिहीत असत. १९०३ च्या सप्टेंबरात ॲमस्टरडॅम येथील उदार धर्मपरिषदेत हिंदुस्थानातील उदार धर्मावर त्यांनी निबंध वाचला आणि पुढच्या महिन्यात ते मुंबईस परतले.

गिरगावातील तीन वर्षे

१९०१ च्या खानेसुमारीप्रमाणे मुंबईची लोकसंख्या ७ लाख ७६ हजार होती. १८९६ साली आलेली प्लेगची साथ पुरती ओसरली नव्हती. उत्तरेकडे गिरण्यांची धुराडी वाढत होती आणि त्यांच्याभोवती कोकणातून, देशावरून आलेल्या माणसांच्या चाळी दाटत होत्या. रस्त्यांवरून घोड्यांची ट्राम धावत होती. विजेची ट्राम यावयास १९०७ साल उजाडावे लागले. प्रार्थना समाजाचे मंदिर गिरगावात. समाजाची स्थापना १८६७ सालची. म्हणजे शिंदे आले तेव्हा ही संस्था छत्तीस वर्षांची, प्रतिष्ठित आणि स्थिरावलेली होती. तिचे सभासद विद्वान होते, न्यायाधीश होते, प्राध्यापक होते. समाजाने मजुरांसाठी रात्रीच्या शाळाही चालविल्या होत्या. अशा मंडळींत जमखंडीचा हा तरुण प्रचारक म्हणून दाखल झाला.

त्याने काम मन लावून केले. उपासना चालविल्या, व्याख्याने दिली, तरुण ब्राह्मांचा संघ काढला, उदार धर्माचे वाङ्मय टपालाने दूरदूरच्या जिज्ञासूंना पाठविण्याची व्यवस्था लावली, प्रांतोप्रांती दौरे काढले. बाहेरून पाहणारा म्हणेल, की तरुण उत्तम रुळला. समाजात मान होता, पाठीशी विलायतेचे शिक्षण होते, समोर ऐकणारे होते.

मग उणीव कशाची होती? आठवड्यामागून आठवडे तीच मंडळी उपासनेस येत आणि घरी जात. ईश्वर एक आहे, सर्व माणसे त्याची लेकरे आहेत, या वाक्याला सभागृहात कोणाचाच विरोध नव्हता. ज्याला कोणाचाच विरोध नाही, अशा वाक्याची कसोटी तरी कशी लागावी? शिंदे यांच्या या तीन वर्षांकडे पाहताना मला वाटते, की तरुण धर्मसेवकाला नव्या शहरात खरा धोका एकाकीपणाचा नसतो. तो स्वागताचा असतो. शहराचा जो भाग आपले स्वागत करतो, तेवढ्यालाच आपण शहर समजू लागतो.

विलायतेहून आल्यावर सयाजीरावांच्या सांगण्यावरून ते बडोद्यास गेले होते आणि तेथील अस्पृश्यांच्या शाळा त्यांनी पाहिल्या होत्या. बडोदे संस्थानात अशा शाळा १८८० नंतरच्या वर्षांतच सुरू झालेल्या होत्या. पुढे १९०५ साली ते अहमदनगरकडे गेले असताना, नगरजवळच्या भिंगार येथे रात्रीच्या वेळी भरलेल्या अस्पृश्य बांधवांच्या सभेस त्यांना जाण्याचा योग आला. या वर्गासाठी आपले आयुष्य द्यावयाचे, हा निश्चय त्या सभेने पक्का केला. निश्चयाच्या मागोमाग त्यांनी केले काय, तर १९०१ च्या खानेसुमारीची कोष्टके घेऊन बसले. या देशात अस्पृश्य मानलेले लोक किती, कोठे, कोणत्या जातींचे, याचा हिशेब मांडून त्यांनी तो वृत्तपत्री लेखांतून लोकांपुढे ठेवला. भावना आणि आकडे यांचे असे सख्य आपल्या सुधारकांत फार थोड्यांच्या ठिकाणी आढळते.

पाडव्याचा दिवस

१८ ऑक्टोबर १९०६ हा दिवाळीच्या पाडव्याचा दिवस. त्या दिवशी परळ भागात, एल्फिन्स्टन रोडजवळ, ग्लोब मिलच्या शेजारी असलेल्या मुरारजी वालजी यांच्या बंगल्यात ‘डिप्रेस्ड क्लासेस मिशन सोसायटी ऑफ इंडिया’ या संस्थेची पहिली शाळा उघडली. मराठीत संस्थेचे नाव ‘भारतीय निराश्रित साह्यकारी मंडळी’. न्यायमूर्ती नारायण गणेश चंदावरकर अध्यक्ष झाले. शेठ दामोदरदास सुखडवाला यांनी आरंभास एक हजार रुपये दिले. शिंदे सरचिटणीस झाले. शिक्षणाचा प्रसार करणे, कामधंदा मिळवून देणे, सामाजिक अडचणी दूर करणे, आणि उदार धर्म, शील व नागरिकत्व यांची शिकवण देणे, असे हेतू ठरले.

हेतूंचा क्रम पाहण्यासारखा आहे. धर्मप्रचारकाने काढलेल्या संस्थेत धर्म शेवटी आला आहे. अक्षर आणि अन्न आधी आले आहे. कोणी म्हणेल, हा क्रम सोयीचा असेल. मला तसे वाटत नाही. ज्याच्या घरी पांडुरंग पाहुण्यासारखा नव्हे, घरच्या माणसासारखा नांदत होता, त्याला देव शेवटी लिहिला म्हणून देव मागे पडेल, अशी भीती वाटली नसावी.

संस्था वाढली. देवनार, कामाठीपुरा, मदनपुरा येथे शाळा निघाल्या. पुस्तकबांधणी, शिवणकाम असे हातचे शिक्षण सुरू झाले. पुढच्याच वर्षी, १९०७ साली, वस्त्यांतून फिरून आजाऱ्यांची विचारपूस करणारे, स्त्रियांना धीर देणारे सेवेचे स्वतंत्र अंग निघाले. त्यात जनाक्का होत्या. हुजूरपागेत भावाने ज्या बहिणीला शिकविले, ती आता परळच्या मुलांना शिकवीत होती.

उंबरठा

येथे मी माझी बाकी सांगतो.

शालान्त परीक्षेच्या आधीच्या वर्षी, म्हणजे सुमारे साठ वर्षांपूर्वी, आमच्या गुरुजींनी गावाबाहेरच्या एका वस्तीत रात्रीचा वर्ग सुरू केला. शाळेतील मोठ्या मुलांपैकी ज्यांना इच्छा असेल, त्यांनी आठवड्यातून तीन रात्री तेथे शिकवण्यास यावे, असे त्यांनी सांगितले. सक्ती नव्हती. आम्ही तिघे-चौघे तयार झालो. पहिल्या रात्री कंदिलाच्या उजेडात माझ्यासमोर माझ्याहून वयाने मोठा एक मुलगा बसला होता. दिवसभर वीटभट्टीवर काम करून तो आलेला. ‘क’ काढताना त्याच्या हाताला घाम सुटला होता आणि पाटीवर ओल उमटत होती. ती पाटी मला अजून दिसते.

रात्री नऊ वाजता घरी परतलो, की आई दारातच थांबवी. “अरे, आधी मागच्या दारी जा, पाय धू, कपडे बदल, नि मग आत ये.” ती रागावून सांगत नसे. ताट वाढून माझी वाट पाहत बसणारीही तीच असे. मला त्यात काही वावगे वाटले नाही, हेच आज सलते. तीन महिने मी गेलो. मग परीक्षा जवळ आली, असे कारण झाले. परीक्षा खरोखरच जवळ आली होती. कारण खोटे नव्हते, म्हणूनच ते मला इतकी वर्षे पुरले. गुरुजी काही बोलले नाहीत. एकदा रस्त्यात भेटले, तेव्हा एवढेच म्हणाले, “वर्ग चालू आहे बरं का.” मी मान डोलावली.

पुढे एम. ए.साठी पुण्यास गेलो, प्रार्थना समाजाच्या परिसरातील मराठी गद्यावर प्रबंध लिहिला, पदवी मिळाली. शिंदे यांच्या लेखनाचे संदर्भ त्या प्रबंधात पानोपानी आहेत. ज्या नाना पेठेत त्यांच्या मिशनची वास्तू आहे, तेथे मी पुण्याच्या त्या सगळ्या मुक्कामात एकदाही पाऊल ठेवले नव्हते. माझ्या खोलीपासून ती जागा चालत जाण्याइतकी जवळ होती. प्रबंध घेऊन गुरुजींना दाखवावयास गेलो, तेव्हा त्यांनी तो कौतुकाने चाळला आणि विचारले, “अहिल्याश्रम पाहिलास?” मी ‘नाही’ म्हणालो. त्यांनी प्रबंध मिटून माझ्या हाती दिला आणि चहा आणावयास सांगितले.

मी त्यानंतर गेलो. उशिरा गेलो, पण गेलो. तेथे उभे राहिल्यावर मला शिंदे यांच्या चरित्रातील एका गोष्टीचा अर्थ कळला, जी मी लिहिली होती पण वाचली नव्हती. परळला शाळा काढून शिंदे थांबले नाहीत. त्यांच्या कुटुंबाने मिशनच्या कामात स्वतःला घातले. आईवडील, पत्नी, बहीण या सर्वांनी त्या मुलांच्या शेजारात संसार मांडला. ज्या मुलांना शिकवावयाचे, ती रात्री परकी होत नव्हती. ‘आधी पाय धू, मग आत ये’ असे म्हणणारा उंबरठाच त्यांनी मागे ठेवला नव्हता. तो ते बरोबर घेऊन वस्तीत गेले आणि तेथे तो सर्वांना ओलांडू दिला.

माझ्या तीन महिन्यांत आणि त्यांच्या आयुष्यात फरक केवळ चिकाटीचा नव्हता. माझी सेवा माझ्या घराच्या मागच्या दारी रोज रात्री धुऊन निघत होती. ती टिकणार कशी? माणूस एकटा सेवेस जातो तेव्हा तो परत येण्याच्या तयारीने जातो. घर बरोबर नेतो, तेव्हा परतण्याची वाटच राहत नाही. आणि घर म्हटले, की ओझे बायकांवर पडते. परळच्या त्या संसारात रुक्मिणीबाईंनी, जनाक्कांनी, वृद्ध मातोश्रींनी आप्तांचे किती बोल सोसले असतील, याची कल्पना आपल्यापैकी ज्यांच्या घरी आजी होती, त्यांनी करावी. महर्षी ही पदवी एकाला मिळाली. तिचा भार चौघांनी उचलला होता.

परळची दुसरी बाजू

इतिहासाच्या अभ्यासकाने येथे थांबून चालणार नाही. सेवकाच्या चरित्रात, ज्यांची सेवा झाली त्यांना केवळ घेणारे म्हणून उभे करण्याचा मोह होतो. परळची वस्तुस्थिती तशी नव्हती.

शिंदे यांनी पाडव्याला शाळा उघडली, त्याच काळात परळ भागातल्या एका चाळीत सुभेदार रामजी सकपाळ यांचे कुटुंब राहत होते. त्यांचा पंधरा वर्षांचा मुलगा भीमराव एल्फिन्स्टन हायस्कुलात शिकत होता आणि पुढच्याच वर्षी, १९०७ साली, तो मॅट्रिक झाला. कोणाच्या मिशनची वाट न पाहता एक बाप आपल्या मुलाला शिकवीत होता. पुण्यात शिवराम जानबा कांबळे आपल्या बांधवांचे संघटन करीत होते. १९०८ साली त्यांनी ‘सोमवंशीय मित्र’ हे पत्र काढले. त्याही आधी गोपाळबाबा वलंगकरांनी लेखणी हाती घेतलेली होती आणि जोतीराव व सावित्रीबाई फुले यांच्या शाळांना अर्धे शतक लोटले होते. ज्या वस्तीत तरुण सेवक दिवा घेऊन शिरतो, तेथे पूर्ण अंधार होता, असे समजणे हा त्या वस्तीचा अपमान आहे.

शिंदे यांना ही जाणीव अजिबात नव्हती, असे म्हणणे अन्यायाचे होईल. पण काळ त्यांच्याहून वेगाने पुढे गेला, हे खरे. आपल्या वतीने बोलणारे आता आपल्यातलेच असावेत, ही मागणी रास्त होती. १९१९ साली मताधिकाराचा विचार करणाऱ्या साउथबरो समितीपुढे डॉ. आंबेडकरांनी जी साक्ष दिली, तीत अस्पृश्यांच्या स्वतःच्या प्रतिनिधित्वाचा आग्रह स्पष्ट आहे आणि शिंदे यांच्या भूमिकेशी त्यांचा मतभेद होता. १९२३ साली शिंदे मिशनच्या कारभारातून बाजूला झाले. ९ मार्च १९२४ रोजी परळच्याच दामोदर हॉलमध्ये डॉ. आंबेडकरांनी बोलावलेल्या सभेतून बहिष्कृत हितकारिणी सभेचा उगम झाला. एकाच परळमध्ये, अठरा वर्षांच्या अंतराने, दोन आरंभ झाले. पहिल्यात दुसऱ्यांनी त्यांच्यासाठी काम मांडले. दुसऱ्यात त्यांनी स्वतः मांडले. दुसऱ्याचे मोठेपण मान्य करण्यासाठी पहिल्याला लहान करण्याची गरज नाही. तसेच पहिल्याच्या प्रेमापोटी दुसऱ्याकडे डोळेझाक करणेही बरे नाही.

पुढचा मार्ग

उरलेले थोडक्यात सांगतो. १९१० साली शिंदे यांनी प्रार्थना समाजाचे प्रचारकपद सोडले. १९१२ साली ते पुण्यास आले. इंदूरचे महाराज तुकोजीराव होळकर यांनी मिशनच्या इमारतीसाठी वीस हजार रुपये दिले, म्हणून नाना पेठेतील त्या वास्तूस अहिल्याश्रम हे नाव पडले. म्हणजे पाहा, जमखंडीचा मुलगा, बडोद्याची शिष्यवृत्ती, इंदूरची देणगी, मुंबई-पुण्याचे काम. संस्थानी मुलखांतील मराठी माणसांनी महाराष्ट्राच्या सामाजिक जीवनास काय दिले, याचा हिशेब कोणी मांडलाच, तर त्याचे एक पान येथे आहे. १९१७ साली कलकत्त्याच्या काँग्रेस अधिवेशनात अस्पृश्यतेविरुद्ध ठराव संमत झाला, त्यामागे शिंदे यांची खटपट होती. १९२४ च्या सुमारास ते मंगळूरच्या ब्राह्म समाजात आचार्य म्हणून राहिले. १९३० साली सत्याग्रहात तुरुंगवास भोगला. १९३३ साली ‘भारतीय अस्पृश्यतेचा प्रश्न’ हा त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. २ जानेवारी १९४४ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.

सवर्ण समाजाने त्यांना आपला म्हणावयास उशीर केला आणि दलित समाजाचा विश्वास मधल्या वादांत विरळ झाला. दोन्ही बाजूंनी एकटे पडण्याचे भाग्य ज्याच्या वाट्यास येते, त्याच्याविषयी लिहिताना चरित्रकाराची कसोटी लागते. गो. मा. पवार यांनी ती कसोटी उतरवून २००४ साली त्यांचे साक्षेपी चरित्र मराठीला दिले आणि साहित्य अकादमीने त्याचा गौरव केला. शिंदे यांचे स्वतःचे ‘माझ्या आठवणी व अनुभव’ तर आहेच. शाळेच्या ग्रंथालयात ही दोन्ही पुस्तके असावीत, अशी विनंती मी या व्यासपीठावरून करतो. नसतील, तर माझ्या प्रती मी देईन. त्यांवर माझ्या पेन्सिलीच्या खुणा आहेत. त्या विद्यार्थ्यांनी खोडाव्यात आणि आपल्या कराव्यात.

समारोप

काही वर्षांपूर्वी मुंबईस गेलो असता मी त्या भागात मुद्दाम उतरलो. एल्फिन्स्टन रोड स्थानकाचे नाव २०१८ साली प्रभादेवी झाले. गिरण्यांची धुराडी गेली. त्या जागी काचेच्या उंच इमारती आल्या. त्या इमारतींतून बाहेर पडणाऱ्या तरुणांत आपल्या भागातलीही मुले असतील. त्यांच्यापैकी कितीतरी जण सुटीच्या दिवशी वस्त्यांतून शिकवावयास जातात, कोणी श्रद्धेने, कोणी सामाजिक कळवळ्याने. त्यांना नावे ठेवण्याचा अधिकार तीन महिने शिकवून थांबलेल्या माणसाला नाही. वडीलकीच्या नात्याने एकच सांगावेसे वाटते : त्या मुलांपैकी एखाद्याला आपल्या घरी जेवावयास बोलवा, आणि त्याने बोलावले तर त्याच्या घरी जेवा. हे जमले, की समजा शहरात रुजावयास सुरुवात झाली.

गुरुजींचा रात्रीचा वर्ग ते निवृत्त होईपर्यंत चालला. माझ्यासमोर पाटी घेऊन बसलेला तो मुलगा पुढे कोठे गेला, याचा मी नंतर शोध घेतला, लागला नाही. ‘क’ त्याला येत होता, एवढे मात्र मला ठाऊक आहे. ‘ख’ दुसऱ्या कोणीतरी शिकवला असेल. तो कोणी, ते मला कळले नाही. पण या सभागृहात माझ्या वयाची जी मंडळी बसली आहेत, त्यांत तो असण्याचा संभव आहे. असेल, तर माझा त्याला नमस्कार.

गुरुजींच्या स्मृतीला वंदन करून मी आपली रजा घेतो.